आंबर्डे स्टेशनचा वाढदिवस

प्रवासी संघाने ठराव केला:
स्टेशनचा वाढदिवस करायचा.
केक, हार, मोटरमनला नारळ.
मी चिटणीस, म्हणून तारीख शोधायचं माझ्या गळ्यात.

आमच्या स्टेशनला तारीख नाही.
नावं मात्र दोन. पिवळ्या पाटीवर
मराठीत आंबर्डे, हिंदीत अंबरडे,
आणि वासिंदची माणसं म्हणतात ते या दोन्हींच्या मधलं.

कमळू वेखंडे फाटकावर होता, तीस वर्षं.
म्हणाला, भाऊ, आधी गाडी माणसांसाठी थांबतच नव्हती.
गवतासाठी थांबायची.
आता रिचार्जचं दुकान आहे तिथं बुबेरेशेठची वखार.
चार गडी दांडा फिरवून गवत दाबायचे,
तारेनं आवळायचे गासड्या,
मग वाघिणी भरून जायच्या मुंबईच्या तबेल्यांना.
माणसं नंतर आली. गासड्यांवर बसून.
तिकीट?
तो हसला. गवताला होतं.

मी वहीत लिहिलं:
मुंबईच्या म्हशींना भूक लागली, म्हणून आपण आहोत.
अध्यक्ष म्हणाले, हे भाषणात नको.

सायडिंगवर आता टाकळा माजलाय,
रूळ कुठे संपतो ते पायाला ठेच लागली की कळतं.

फलाट तीनदा उंच केला.
म्हणून तिकीटघरात जायला आता दोन पायऱ्या उतराव्या लागतात,
विहिरीत उतरल्यासारख्या.
कडुलिंबाचं बेचकं एके काळी डोक्यावर हात पुरेल एवढं वर होतं,
आज पोरं त्यात दप्तरं ठेवतात.
झाड खाली गेलं नाही.
आपण चढलो, सिमेंट ओतून ओतून,
आणि त्याचं अर्धं खोड खाली उभं आहे
जुन्या फलाटावर,
जिथं अजून कोणी गाडीची वाट बघत असेल तर
त्याला फक्त आमच्या चपला ऐकू येत असतील.

हिरी मेंगाळ पुलाखाली शेवळं विकते.
तिला विचारलं. म्हणाली,
ज्या साली शेवळं उशिरा उगवली
अन् सासूला मुलगी झाली, त्या साली.
कोणती साल?
तीच, म्हणाली, आणि जुडी बांधत राहिली.

शेवटी डोंबिवलीहून एक बिस्किटांचा डबा आला.
इथले पहिले बुकिंग क्लार्क सोहनी, त्यांच्या लेकीनं पाठवलेला.
आत सुतळी, एक चावी,
आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट:
तिसरा वर्ग, आंबर्डे ते कल्याण,
नंबर शून्य शून्य शून्य.
तारीख शाईनं नाही, दाबून उठवलेली.
बोट फिरवलं तर अकरा लागतो, मग फेब्रुवारी,
आणि सालाच्या जागी कोपरा कुरतडलेला.

पंच केलेलं नव्हतं.

फोनवर लेक म्हणाली, बाबा सांगायचे,
एक बाई आली होती, हातात कापडाची पिशवी.
तिकीट काढलं, लिंबाखाली बसली.
गाडी आली, उभी राहिली, गेली.
बाई बसलेलीच.
दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाली, पैसे परत दे.
बाबांनी नियम सांगितला.
मग ठेव तुझ्याजवळ, म्हणाली, येईन कधीतरी.
तीन बदल्या झाल्या, डबा बाबांबरोबर फिरला.
नाव?
नाव कोण विचारतं तिकिटाला.

अकरा फेब्रुवारी ठरली.
सालाच्या जागी बॅनरवर फुलं छापली.

सात बेचाळीसची लोकल वीस सेकंद थांबली,
मोटरमननं नारळ खिडकीतून घेतला,
हाराला वेळ नव्हता.
अध्यक्षांच्या भाषणात म्हशी नव्हत्या.
आणि सुरी आणायची राहिली होती.

वेखंडे घरी जाऊन विळा घेऊन आला,
गवताचा, मूठ झिजलेला,
पँटला पुसला
आणि केक कापला एका ओढीत,
मुळाशी धरून, जसं कापायची सवय.

एक तुकडा मी लिंबाच्या बेचक्यात ठेवला.
का ते विचारू नका, चिटणिसाच्या अहवालात ते नाही.
तिकीट माझ्या खिशात आहे.
तिकीटघराच्या खिडकीत द्यायला दोनदा गेलो,
दोन पायऱ्या उतरलो,
पोरगा म्हणाला, काका, हे मशीन घेत नाही.